इनॅमल की ॲक्रिलिक? बडोद्याच्या पावसाळ्यात १/७२ स्पिटफायर ब्रशने रंगवायचं आहे

दांडियाबाजार (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

१/७२ चं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) स्पिटफायर मार्क पाच-बी या ब्रिटिश लढाऊ विमानाचं प्लास्टिक मॉडेल जोडून, सांधे भरून, घासून तयार आहे. त्यावर ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ (बडोदा) स्क्वाड्रनची चिन्हं लावायची आहेत, म्हणजे 'ओएन' ही अक्षरं. आपल्या संस्थानाच्या देणगीवरून नाव मिळालेली तुकडी आहे, त्यामुळे विमान बदलायचं नाही आणि रंगही खरे हवेत. ऑगस्ट १९४१ नंतरची रंगसंगती: वरून ओशन ग्रे आणि डार्क ग्रीन, खालून मीडियम सी ग्रे, स्पिनर (पंख्याचं टोक) आणि शेपटीजवळचा पट्टा स्काय (फिकट हिरवट), पंखांच्या पुढच्या कडेला पिवळी रेघ.

अडचणी अशा. एअरब्रश दिवाळीनंतर घेणार, तोवर हातब्रशच. घर जुनं, कामाच्या खोलीला एकच खिडकी आणि शेजारी स्वयंपाकघर. जून संपत आलाय, पुढचे तीन महिने हवा ओलसरच राहणार.

विचारायचंय ते असं:

१. अशा हवेत ब्रशने रंगवायला इनॅमल बरं की ॲक्रिलिक?
२. एकाच मॉडेलवर दोन्ही वापरले तर चालतात का, आणि कुठलं आधी?
३. कंपनीचं थिनर इथे मिळायला वेळ लागतो. रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर चालेल का?

लांबब्रश

फक्त ब्रशच वापरायचा असेल तर माझं मत इनॅमल, आणि त्याला कारण आहे. इनॅमल उशिरा वाळतं, त्यामुळे ब्रशच्या रेघा आपोआप बसायला त्याला वेळ मिळतो. दुसरं म्हणजे त्यातलं द्रावक पॉलिस्टायरीनला, म्हणजे मॉडेलच्या प्लास्टिकला, किंचित धरतं. प्लास्टिक नीट धुतलेलं असेल तर प्रायमर नसला तरी पकड चांगली बसते.

हंब्रॉल कंपनीच्या इनॅमलचे क्रमांक: डार्क ग्रीन १६३, ओशन ग्रे १०६, मीडियम सी ग्रे १६५, स्काय ९०, पिवळ्यासाठी २४. यात एक गोष्ट लक्षात ठेवा. १६३ आणि १६५ सॅटिन आहेत, १०६ आणि ९० मॅट. एकाच पंखावर हिरवा जरा चकाकतो आणि करडा कोरडा दिसतो, तेव्हा डबी खराब निघाली असं वाटू शकतं. ते तसंच असतं. शेवटच्या वॉर्निशने सगळं एकसारखं होतं, मध्येच दुरुस्त करायला जाऊ नका.

काम असं करा:

विमान कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकून जुन्या मऊ दातब्रशने धुवा. साच्यातून प्लास्टिक सुटावं म्हणून लावलेला तेलकटपणा कोपऱ्यांत राहिलेला असतो. धुतल्यावर रात्रभर वाळू द्या आणि पुढे विमान कडेने धरा, पंखांवर बोटं टेकवू नका.

१४ मिलीची डबी हलवायची नाही, ढवळायची. जाड तारेने किंवा फ्रेमच्या तुकड्याने तळ खरवडत पाच मिनिटं तरी ढवळा. रंगाला मॅटपणा देणारी भुकटी तळाशी बसलेली असते. नुसतं वरवर ढवळलं की मॅट रंग चकचकीत वाळतो, आणि डबीच्या शेवटी उरतो तो खडूसारखा. "हंब्रॉल मॅट वाळत नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

डबीतून थेट रंगवू नका. बाटलीच्या झाकणात दहा थेंब रंग आणि दोन-तीन थेंब थिनर घ्या, पातळ दुधासारखा झाला पाहिजे. १० मिमी चपटा ब्रश एकतृतीयांशच बुडवा. पंखावर पुढच्या कडेकडून मागच्या कडेकडे ओढा, म्हणजे वारा जातो त्या दिशेने. एकदा ओढलेल्या जागेवर अर्ध्या मिनिटानंतर परत जाऊ नका. पहिल्या थरात प्लास्टिक दिसणारच. दुसरा थर पूर्ण चोवीस तासांनी.

पातळ थरांवर इतका भर देण्याचं कारण साधं गणित आहे. ब्रशचा एक जाड थर ०.०५ मिमी धरला तर ७२ पटीने तो खऱ्या विमानावर ३.६ मिमी होतो. पॅनेलच्या (पत्र्यांच्या सांध्यांच्या) रेषा बुजतात त्या यामुळेच. दोन पातळ थर मिळूनही एका जाड थरापेक्षा कमी भरतात.

डबी बंद करण्याआधी कडेची खोबण कापडाने कोरडी पुसा. तिथे रंग राहिला की झाकण नीट बसत नाही, हवा आत जाते आणि साय धरते.

थरावरथर

लांबब्रश यांनी पद्धत चोख सांगितली आहे, पण या घरासाठी आणि या महिन्यांसाठी मला ॲक्रिलिकच योग्य वाटतं. एक खिडकी, पावसाने तीही अर्धा वेळ बंद, आणि इनॅमलचा प्रत्येक थर चोवीस तास खोलीत वास सोडत राहणार. पाच रंगांचे दोन-दोन थर धरले तर आठवडाभर तो वास स्वयंपाकघरापर्यंत जाईल.

आधी एक घोळ सोडवू. 'ॲक्रिलिक' या नावाखाली दोन अगदी वेगळे रंग विकले जातात.

टामियाचे एक्स आणि एक्सएफ क्रमांकाचे रंग अल्कोहोलच्या जातीचे. एअरब्रशमधून अप्रतिम बसतात. ब्रशने मोठ्या पृष्ठभागावर त्रास देतात, कारण दुसऱ्या थरातलं द्रावक खालचा थर परत विरघळवतं आणि ब्रशला गोळे येतात. पंखावर दोन-तीन वेळा ब्रश फिरवलात की खालचं प्लास्टिक उघडं पडतं. त्यात त्यांचंच रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) एक-दोन थेंब घातलं तर थोडं सुसह्य होतं, तरी पंखासाठी नको. चाकं, पंख्याची पाती, कॉकपिटमधले तुकडे यांना चालेल.

व्हॅलेहोचे मॉडेल कलर पाण्याचे. थेंबाच्या बाटलीत येतात, ब्रशसाठीच बनवलेले आहेत, आणि वाळलेला थर पाण्याने परत विरघळत नाही. तुम्हाला हे हवेत. त्याच कंपनीचे मॉडेल एअर घेऊ नका. ते एअरब्रशसाठी आधीच पातळ केलेले असतात, ब्रशने चार-पाच थर दिल्याशिवाय झाकत नाहीत.

आता ओलाव्याचं. पावसाळा ॲक्रिलिकला वाईट, असं सरसकट म्हटलं जातं. ब्रशच्या कामापुरतं ते उलटं आहे. बडोद्यात पाण्याच्या रंगाचा खरा शत्रू मे महिना. ४०-४२ अंशांच्या कोरड्या हवेत रंग ब्रशच्या टोकावरच वाळतो, ओढलेली रेघ बसायच्या आत घट्ट होते, म्हणून पंखावर कंगव्याने ओढल्यासारख्या रेषा राहतात. जुलैत हवेत ८० टक्क्यांच्या वर ओलावा असतो, पाणी सावकाश उडतं, रंगाला पसरायला वेळ मिळतो. तोटा एवढाच, की थर वरून वाळला तरी आत मुरलेला नसतो. उन्हाळ्यात दुसरा थर वीस मिनिटांनी देता येतो, आत्ता दीड-दोन तास थांबा. घाई केलीत तर दुसऱ्या थराचा ब्रश पहिल्याला सोलून काढतो. पंखा लावायचा असेल तर मॉडेलवर थेट नको, भिंतीकडे तोंड करून लावा.

व्हॅलेहोला प्रायमर मात्र लागतोच. उघड्या प्लास्टिकवर तो नुसता टेकलेला असतो, मास्किंग टेपबरोबर पापुद्र्यासारखा निघतो. मिस्टर सरफेसर १००० चा स्प्रे कॅन मिळाला तर उत्तम, तो लॅकर (तीव्र द्रावकातला, झटपट वाळणारा रंग) आहे आणि प्लास्टिकला धरतो. पण तो पाऊस उघडलेल्या दिवशी, दुपारी, गच्चीवरच मारा. ओल्या हवेत लॅकर पांढरट पडतो. तसा दिवस मिळत नसेल तर व्हॅलेहोचाच ब्रशने लावायचा प्रायमर घ्या. त्याचा दोष असा की तो घासता येत नाही, घासायला गेलं की रबरासारखा गुंडाळतो. म्हणून सांधे, खरवडे सगळं त्याआधी संपवा.

रंगासाठी पॅलेट ओला ठेवा. डब्याच्या झाकणात ओलं स्पंजाचं कापड, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. पाच थेंब रंगाला दोन थेंब पाणी इथपासून सुरुवात करा. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार गडद हिरव्यावर पांढरे डाग सोडतात. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर वापरा. पॅलेटचं पाणी रोज बदला, या दिवसांत तिसऱ्या दिवशी त्याला बुरशीचा वास येतो.

दांडियाबाजार

दोघांचेही आभार. टामिया आणि व्हॅलेहो यांतला फरक माहीत नव्हता, दोन्ही एकच समजत होतो. मग दोन्हींना आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) चालेल का? ते केमिस्टकडे सहज मिळतं. आणि थिनरचं कुणी सांगाल का?

रंगरसायन

आयपीए टामियाला चालतं, व्हॅलेहोला अजिबात नाही. व्हॅलेहोत आयपीए पडलं की रंगाचा दूध फाटल्यासारखा गोळा होतो आणि तो परत सुटत नाही. ब्रश किंवा एअरब्रश टामियानंतर व्हॅलेहोसाठी वापरणार असाल तर मध्ये पाण्याने धुवा. एअरब्रशच्या नोझलमध्ये हा गोळा अडकला तर सुई ओढून काढावी लागते.

हे का होतं ते समजलं की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. इनॅमल म्हणजे अल्किड रेझिन. त्यातलं द्रावक काही तासांत उडतं, पण रंग घट्ट होतो तो हवेतला ऑक्सिजन घेऊन, रेणू एकमेकांना बांधले जाऊन. म्हणून जाड थर वरून सुकतो आणि आत आठवडाभर मऊ राहतो, ऑक्सिजन आत पोहोचतच नाही. एकदा पुरता बांधला गेला की स्वतःच्या थिनरनेही तो सहज विरघळत नाही. पाण्याच्या ॲक्रिलिकमध्ये प्लास्टिकचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी गेलं की ते एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो. अल्कोहोल मध्ये घातलं तर पाणी जायच्या आधीच ते कण चिकटतात, तोच तो गोळा.

आता थिनर.

*रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन:* इनॅमलचे ब्रश धुवायला बिनधास्त. रंगात घालण्याआधी परीक्षा घ्या. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका, तासाभराने पाहा. डाग पूर्ण गेला तर वापरा. तेलकट कडं राहिलं तर त्यात जड तेल आहे, तो रंग दिवसेंदिवस चिकट राहील. सुटं, बिनशिक्क्याच्या बाटलीतलं घेऊ नका. रॉकेल तर कधीच नको, याच कारणासाठी.

*एनसी थिनर:* उघड्या पॉलिस्टायरीनला लावू नका. प्लास्टिक विरघळतं, पॅनेलच्या रेषा वितळतात. इनॅमलवर पडलं तर इनॅमल सुरकुततं. मॉडेलच्या टेबलावर त्याचा उपयोग धातूचे भाग धुण्यापुरता.

*आयपीए:* ९९ टक्क्यांचं घ्या. जखमेसाठीचं ७० टक्क्यांचं असतं, त्यात तीस टक्के पाणी. टामिया त्यानेही पातळ होतो, पण सपाट बसत नाही. कंपनीचं एक्स-२०ए जास्त चांगलं, कारण त्यात उशिरा उडणारं द्रावकही असतं.

स्वयंपाकघर शेजारी आहे म्हणून एक गोष्ट ठळकपणे सांगतो. वास कमी म्हणजे धोका कमी, असं नाही. आयपीएची वाफ साधारण १२ अंशांनाच पेट घेऊ शकते, म्हणजे बडोद्यात बाराही महिने. मिनरल टर्पेंटाइनला त्यासाठी ३८-४० अंशांच्या आसपास तापमान लागतं. वास टर्पेंटाइनचा जास्त येतो, पण गॅस पेटलेला असताना उघडी बाटली जास्त धोक्याची ती आयपीएची. दोन्हींची झाकणं लावूनच शेगडी पेटवा. इनॅमल पुसलेली फडकी चुरगाळून डब्यात कोंबू नका, गॅलरीत पसरून वाळवा. अल्किड ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेल्या फडक्यात ती अडकते. उरलेलं थिनर मोरीत ओतायचं नाही. बाटलीत साठवा, रंग तळाशी बसला की वरचं स्वच्छ थिनर परत ब्रश धुवायला येतं.

घराच्या दारांना लावायचं सिंथेटिक इनॅमल स्वस्त पडतं म्हणून काही जण सुचवतात. त्यातली भुकटी जाडी असते आणि थर जाड बसावा म्हणूनच ते बनवलेलं असतं. मॉडेलच्या लाकडी पाटाला लावा, विमानाला नको. हस्तकलेच्या ॲक्रिलिकचंही तसंच: देखाव्यातली माती, गवत, भिंत यांना छान, पंखावर दाणे दिसतात.

लांबब्रश

वासाचा मुद्दा मान्य. तीन महिने बंद खिडकी असेल तर मीही मोठ्या भागांना इनॅमल सुचवणार नाही. पण घराबाहेर टाकू नका ते. धातूचे रंग ब्रशने लावायचे तर इनॅमलच्या चंदेरीची सर पाण्याच्या रंगाला येत नाही. एक्झॉस्टचे पाइप, चाकांच्या खांबाचा चकाकणारा दांडा, तोफेचं टोक, एवढं इनॅमलने करा. काही थेंबांचं काम आहे, वास अर्ध्या तासात जातो.

पॅनेलरेषा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून पूर्ण आलेलं नाही, आणि मॉडेल सगळ्यात जास्त बिघडतात ती तिथेच.

क्रम लक्षात ठेवा: खाली लॅकर, त्यावर ॲक्रिलिक, सगळ्यात वर इनॅमल. तीव्र द्रावक आधी, सौम्य नंतर. मुरलेल्या ॲक्रिलिकला इनॅमलचं थिनर काही करत नाही. म्हणून मूळ रंग ॲक्रिलिकचा आणि रेषांत उतरवायचा वॉश (अगदी पातळ केलेला गडद रंग) इनॅमलचा, ही जोडी जगभर रूढ झाली. वॉश बिघडला तर पुसून टाकता येतो, खालचा रंग शाबूत राहतो.

उलट केलं तर? मुरलेल्या इनॅमलवर ॲक्रिलिक चालतं, पण 'मुरलेल्या' या शब्दावर सगळं आहे. चार दिवसांच्या इनॅमलवर ॲक्रिलिक लावलं तर वरचा थर लगेच आक्रसतो, खालचा अजून हलत असतो, आणि वाळलेल्या तळ्यासारख्या भेगा पडतात. पावसाळ्यात किमान आठवडा थांबा. इनॅमलवर लॅकर तर नकोच, मग तो वॉर्निश असला तरी. स्प्रे कॅनमधले बरेचसे वॉर्निश लॅकर असतात, डब्यावर बघून घ्या. लांबब्रश यांनी सांगितलेले चंदेरी भाग म्हणूनच शेवटी, वॉर्निश झाल्यानंतर लावा.

तुमच्या विमानासाठी मी पुढचे टप्पे असे ठेवीन.

रंग पूर्ण झाल्यावर रात्रभर थांबा. मग ग्लॉस वॉर्निश, ब्रशने दोन पातळ थर. डेकलला (पाण्यात भिजवून लावायच्या चिन्हांच्या चित्राला) गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. मॅटवर लावलं तर खाली हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात आणि पारदर्शक कडा रुपेरी दिसते. 'ओएन' ही अक्षरं स्काय रंगाची आणि खाली गडद हिरवा आहे, तिथे ही कडा लगेच डोळ्यात भरते. ग्लॉस एक दिवस मुरू द्या.

डेकलखाली मायक्रो सेट, वरून मायक्रो सोल, ही डेकल बसवायची द्रावणं. सोल लावल्यावर डेकल सुरकुततं. त्याला हात लावायचा नाही, अर्ध्या तासात स्वतःच सपाट होऊन रेषांत बसतं. ब्रशने दाबायला गेलात तर फाटतं. डेकल बसल्यावर आजूबाजूचा चिकटपणा ओल्या कापसाने पुसा आणि वरून ग्लॉसचा आणखी एक हात द्या.

मग इनॅमलचा वॉश. टामियाचं पॅनेल लाइन ॲक्सेंट कलर तयार मिळतं, तेही इनॅमलच आहे. स्पिटफायरच्या हिरव्या-करड्यावर गडद तपकिरी घ्या, काळ्याने विमान खेळण्यासारखं दिसतं. बारीक ब्रशचं टोक रेषेला नुसतं टेकवा, वॉश आपोआप रेषेतून पळतो. वीस-तीस मिनिटांनी, इनॅमल थिनरने जेमतेम दमट केलेल्या कानाच्या काडीने, वाऱ्याच्या दिशेने पुसा. काडीतून थेंब निघत असेल तर ती जास्त ओली आहे, आधी कागदावर टिपा.

इथे एक मोठा धोका आहे. इनॅमलचं थिनर उघड्या, ताणाखालच्या प्लास्टिकमध्ये शिरलं की प्लास्टिक तडकतं. चाकांचे खड्डे आणि पंख जिथे धडाला दाबून चिकटवलेला आहे तो सांधा, या दोन जागा धोक्याच्या. खड्ड्यात वॉश भरून ठेवला, खाली रंग-वॉर्निश लागलेलं नव्हतं, तर दुसऱ्या दिवशी चाकाचा खांब बुडातून तुटलेला सापडतो. खड्ड्यांच्या आत आधी ॲक्रिलिक आणि ग्लॉस दोन्ही द्या, वॉश अगदी थोडा घाला, आणि साचलेला थेंब कोरड्या ब्रशने लगेच उचला.

शेवटी मॅट किंवा सॅटिन वॉर्निश. तोही पाण्याचाच घ्या, आणि वॉशनंतर तीन दिवस थांबून. मॅट वॉर्निशही पाच मिनिटं हलवा, नाहीतर मॅट भुकटी गोळा होऊन पांढरे ढग येतात. आलेच ढग तर घासू नका. त्यावर ग्लॉसचा पातळ हात दिला की बहुतेक वेळा जातात, मग पुन्हा मॅट. घड्याळाएवढा आर्द्रतामापक मिळतो, तो टेबलावर ठेवा. काटा ७० च्या खाली असेल त्या दिवशीच मॅट लावा. जुलैतही उघडीप मिळते तेव्हा दुपारी दोन ते चारच्या दरम्यान तो खाली येतो.

आणि हे सगळं विमानाआधी आईस्क्रीमच्या प्लास्टिक चमच्यांवर करून बघा. एका चमच्यावर प्रायमर, रंग, ग्लॉस, वॉश याच क्रमाने. दुसऱ्यावर प्रायमर न लावता. दोन दिवसांनी दोन्हींवर ब्लेडने चौकटी कापा, मास्किंग टेप दाबून झटक्यात ओढा. कुठला रंग टेपबरोबर आला ते दिसेल, मग इथे विचारायचीही गरज पडणार नाही.

दांडियाबाजार

ठरलं तर मग. मोठे भाग व्हॅलेहो मॉडेल कलरने, प्रायमर उघडीप मिळाली तर सरफेसर, नाहीतर ब्रशचा. वॉश आणि धातू इनॅमलने, टर्पेंटाइन फक्त ब्रश धुवायला. चमच्यांवर उद्यापासून सुरू करतो.

एकच राहिलं. पंखाच्या कडेची पिवळी रेघ आणि स्काय पट्टा छलावरणाआधी लावू की नंतर? पिवळा करड्यावर झाकत नाही असं वाचलंय.

थरावरथर

आधी. पिवळा कुठल्याच कंपनीचा गडद रंगावर झाकत नाही, आणि झाकेपर्यंत थर देत गेलात तर कडेला उंचवटा उभा राहतो.

प्रायमरनंतर फक्त त्या कडेला पांढऱ्याचा एक पातळ थर द्या, त्यावर पिवळ्याचे दोन. तसाच स्काय पट्टा, त्याला पांढरा लागत नाही. एक रात्र जाऊ द्या. मग टेपच्या अरुंद पट्ट्या कापून झाका. टेप आधी तळहाताच्या मागे दोनदा चिकटवून काढा, चिकटपणा कमी होतो. कड नखाने नाही, टूथपिकच्या बोथट टोकाने दाबा. आता टेपच्या कडेवरून पारदर्शक ग्लॉस वॉर्निशचा एक हात फिरवा. गळायचंच असेल तर ते वॉर्निश गळून फट बुजवेल, करडा रंग आत शिरणार नाही.

त्यानंतर खालचा मीडियम सी ग्रे, मग वरचा ओशन ग्रे पूर्ण, आणि शेवटी हिरव्याचे पट्टे. हिरवा सगळ्यात गडद, करड्यावर दोन थरांत झाकतो. पट्ट्यांच्या सीमा आधी मऊ पेन्सिलने अगदी हलक्या आखा आणि रंग रेषेवर चढवा, नाहीतर शिसं वॉर्निशखाली चमकत राहतं.

टेप हिरव्याचा शेवटचा थर दिल्यावर तासाभरात काढा, पुरता मुरू देऊ नका. टेप स्वतःवरच उलटा दुमडून, पंखाला जवळजवळ समांतर, सावकाश ओढा. वर उचलून ओढलात तर कड दातेरी होते.

लांबब्रश

यात एक भर. कॉकपिटच्या काचेच्या चौकटीला हाच क्रम, पण सुरुवात आतल्या रंगाने करा. आधी कॉकपिटचा हिरवा, त्यावर बाहेरचा. काच पारदर्शक असल्याने चौकट आतून पाहिली की पहिला थरच दिसतो. आणि त्या काचेला आयपीए लावून काही पुसू नका. चुकलेला व्हॅलेहो पहिल्या अर्ध्या तासात पाण्यात भिजवलेल्या टूथपिकने सुटतो.